कोर्टाच्या दारातला पाऊण इंची पाइप

माझी उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर आहे. हे मी म्हणत नाही, कोर्टाच्या दप्तरातला शिक्का मारलेला कागद म्हणतो. आमच्या घरात या आकड्यावर वाद आहे. माझी बायको सरला म्हणते, फळीवरचा डबा काढायला ज्याला स्टूल लागतं त्याने कागदाच्या गोष्टी करू नयेत. पण घरगुती उंची वेगळी आणि सरकारमान्य उंची वेगळी, हे तिला कोण सांगणार?

गोष्ट पंच्याण्णव सालची. त्याआधीच्या दिवाळीत सुरतच्या एका कोर्टाच्या व्हरांड्यात एका पक्षकाराने काठीतून गुप्ती उपसली होती. लागली कुणालाच नाही, पण वकील मंडळी तीन दिवस कामावर आली नाहीत आणि शेवटी दारावर सुरक्षा रक्षक नेमायचा हुकूम निघाला. जागा एक. मी तेव्हा घरीच होतो. सुरतच्या उधना भागात, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी एकोणीस वर्षं कापड तपासलं. ताका, म्हणजे कापडाची गुंडाळी, टेबलावर उलगडायचा आणि दिसेल तो दोष वहीत लिहायचा: अमुक मीटरवर डाग, तमुक मीटरवर तुटका धागा. एकोणीस वर्षांत मी एक डाग सोडला नाही. शेठने तपासणी विभागच बंद केला तो याच कारणासाठी, असं काही लोक म्हणतात. मी त्यात पडत नाही.

जागेसाठी पात्रता अशी होती: वय पंचेचाळीसच्या आत, शिक्षण दहावी, गुजराती लिहिता-वाचता येणं, चारित्र्य निष्कलंक, उंची एकशे पासष्ट, छाती एकोणऐंशी आणि फुगवून चौऱ्याऐंशी. वयाला माझे दोन महिने शिल्लक होते. दहावी मी एकदाच दिली आणि एकदाच पास झालो. चारित्र्याबद्दल तर बोलायलाच नको. प्रश्न उंचीचा निघाला. शेजारच्या हिलालबापूंनी मला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीची रेघ मारली आणि पट्टीने मोजलं. एकशे चौसष्ट.

आमची बावीस खोल्यांची चाळ. तिथे एक सेंटिमीटर कमी पडला ही बातमी रेघ पुसायच्या आत शेवटच्या खोलीपर्यंत गेली. पुष्पाबाईंनी सांगितलं, रोज सकाळी कडुनिंबाच्या फांदीला लोंबकळा. मी लोंबकळलो. फांदीची लांबी वाढली. कुणी म्हणालं मोज्यात पुठ्ठा घाला, पण मोजमाप अनवाणी होतं. हिलालबापू मात्र पूर्वी धुळ्याकडे होमगार्डमध्ये होते, त्यांना यातलं शास्त्र ठाऊक होतं.

"माणूस झोपून उठला की उंच असतो," ते म्हणाले. "दिवसभर उभा राहिला की दबतो. पहाटे मोजू."

अंथरुणातून उठताक्षणी मोजलं, तर रेघ एकशे पासष्टच्या वर दोन सूत गेली. आंघोळ, चहा आणि चाळीत दोन चकरा झाल्यावर पुन्हा एकशे चौसष्ट. निष्कर्ष उघड होता. मोजणीच्या दिवशी मी उठायचंच नाही. कोर्ट साडेदहाला उघडणार, तोवर आडवंच राहायचं.

बळीराम आमच्या चाळीतलाच. मार्केटात साड्यांची पार्सलं लारीवर, म्हणजे हातगाडीवर, ओढायचा. त्याने त्या दिवशी लारी रिकामी ठेवली. चौघांनी मला गादीसकट उचलून लारीवर ठेवलं. उधन्याची धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून सरलाने वरून पांढरी चादर घातली. त्या चादरीचा मी नंतर खूप विचार केला. निळी चादरही घरात होती.

पुढे हिलालबापू, हातात माझे दाखले. मध्ये मी. मागे बळीराम लारी ढकलतोय. उधन्याच्या मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा आजूबाजूचे आवाज एकेक करत कमी व्हायला लागले. चादरीतून मला एवढंच दिसत होतं की लोक थांबतायत आणि हात जोडतायत. एकाने बळीरामला विचारलं, कुठे नेताय? बळीराम खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "कोर्टात."

"म्हणजे पोलीस केस आहे," असं कुणीतरी हळहळलं.

उधना दरवाजाजवळ वाहतूक हवालदाराने शिट्टी मारून दोन्हीकडच्या रिक्षा थांबवल्या आणि आम्हाला वाट दिली. सुरतेत एवढा मान मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. नेमका तिथे आमच्या जुन्या तपासणी खात्यातला सुपडू सायकलवरून चालला होता. त्याने हिलालबापूंना ओळखलं, बापूंवरून मला ओळखलं, सायकल तशीच भिंतीला टेकवली आणि टोपी काढून लारीच्या बाजूने चालायला लागला.

"माणूस एक नंबर होता," तो बळीरामला म्हणाला. चादरीखाली मला भरून आलं. बळीरामला वाटलं, सुपडू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. "पण किचकट फार," सुपडू पुढे म्हणाला. "एखादा डाग सोडला असता तर काय बिघडलं असतं?"

हे मला सहन झालं नाही. मी कोपरावर उठलो, चादर बाजूला केली आणि विचारलं, "कुठला डाग सोडायला पाहिजे होता? ताका नंबर सांग!"

सुपडू मागच्या मागे उसाच्या रसाच्या गाडीवर बसला. चालत्या चरख्यात त्याची टोपी गेली. चार-पाच माणसं किंचाळली, एक बाई रामाचं नाव घेत पळाली. हिलालबापूंना यातलं काहीच दिसलं नाही, फक्त मी उठलेला दिसलो. ते एवढंच ओरडले, "आडवा हो! अर्धा सेंटिमीटर गेला!"

कोर्टाच्या आवारात नाझरसाहेब, म्हणजे कोर्टाच्या कचेरीचे प्रमुख, टेप घेऊन उभेच होते. लारी पाहून ते म्हणाले, "दर्दीने हॉस्पिटल लई जाओ." मी पेशंट नसून उमेदवार आहे हे पटवण्यात पाच मिनिटं गेली, तीही मी आडव्यानेच पटवली. मग लारीवरून उतरून एका ढांगेत भिंतीला लागलो. एकशे पासष्ट. वर केसाएवढंही नाही, खाली केसाएवढंही नाही.

राहिली छाती, ती आत कचेरीत मोजायची होती. "छाती फुगाड रे, पोट नई!" हिलालबापू खिडकीतून ओरडत होते. मी श्वास घेतला. टेप चौऱ्याऐंशीवर गेली. पण नाझरसाहेबांना आकडा वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा होता टेबलावर. ते चष्मा आणायला गेले, तेवढ्यात कुणीतरी सही मागितली, ती दिली, चष्मा पुसला, घातला आणि आले. मी तसाच. "चौऱ्याऐंशी," त्यांनी लिहिलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाले, "हवे श्वास मूको, भाई, मूको!" मी सोडलेल्या श्वासाने त्यांच्या टेबलावरचे अकरा कागद उडाले. ते मी स्वतः गोळा करून नंबराप्रमाणे लावून दिले. मला वाटतं, नोकरी मला त्याच क्षणी मिळाली.

वर्दी, काठी, शिट्टी, एक जाडजूड नोंदवही आणि अठरा कलमांचे वर्तनाचे नियम माझ्या हाती आले. नियम मी दोन दिवसांत पाठ केले. रक्षकाने ड्यूटीवर बसू नये. पक्षकाराकडून चहा, पाणी, पान किंवा खाद्यपदार्थ घेऊ नये. ओळखीचा असो वा अनोळखी, प्रत्येकाची झडती घ्यावी. लोखंडी किंवा धारदार वस्तू जमा करून वहीत तिचं पूर्ण वर्णन लिहावं आणि खाली वस्तूच्या मालकाची व साक्षीदार म्हणून रांगेतल्या पुढच्या माणसाची सही घ्यावी. बदली माणूस आल्याशिवाय दार सोडू नये. कुठल्याही खटल्याबद्दल मत देऊ नये.

चाळीने आपापले नियम जोडलेच. हिलालबापू म्हणाले, वकिलाला सलाम करावा पण हसू नये. पुष्पाबाई म्हणाल्या, गरिबाला सोडावं, श्रीमंताला अडवावं. मी सगळ्यांना सांगितलं की कलमं अठरा आहेत, एकोणिसावं नाही.

पहिल्या महिन्यात माझ्याकडे एकतीस अडकित्ते, चार विळे, कुकरचं एक झाकण आणि कोर्टात कुणी आणेल असं वाटणार नाही अशी बैलगाडीच्या चाकाची एक खीळ जमा झाली. अडकित्ता म्हणून मी नुसता अडकित्ता लिहीत नसे. पितळी की लोखंडी, मोराचा की साधा, कुठलं पातं झिजलेलं, सगळं. रांग रस्त्यापर्यंत जायची. वशी वकिलांच्या छत्रीला खाली लोखंडी टोक होतं. ती मी रोज सकाळी जमा करून घ्यायचो आणि तिचं रोज नव्याने वर्णन लिहायचो, कारण छत्री रोज थोडी झिजते. वशी वकील ऐन पावसाळ्यात छत्रीशिवाय यायला लागले. नाझरसाहेब डोक्याला हात लावायचे, पण नियमात खोट काढता येत नव्हती.

आणि मग आमच्या चाळीचाच खटला लागला.

चाळीचे मालक नटुभाई. त्यांना खोल्या रिकाम्या करून तिथे यंत्रमाग टाकायचे होते. आम्ही हलेना, तेव्हा जून महिन्यात एके सकाळी चाळीचा एकुलता एक नळ बंद झाला. नटुभाई म्हणाले, पाइप गंजून आपोआप तुटला, त्यात माझा काय दोष. पण पुष्पाबाईंना नटुभाईंच्या शेडमागे एक पाइपाचा तुकडा सापडला होता, आणि त्याचं एक टोक करवतीने सरळ कापलेलं होतं. तो तुकडा त्यांनी अडीच महिने खाटेखाली जपून ठेवला. तेवढे दिवस बावीस घरांच्या बायका रेल्वेलाइनपलीकडच्या हातपंपावरून पाणी आणत होत्या. सरलाचे खांदे सुजले होते. कोर्टात अर्ज केला तेव्हा आमच्या खोलीतर्फे सही सरलाने केली, कारण मी त्या दिवसांत कडुनिंबाला लोंबकळत होतो.

तारखेच्या दिवशी सकाळी मी वहीच्या पहिल्या ओळीत लिहिलं: "आज माझ्या राहत्या चाळीचा खटला आहे. मी खोली अकरामध्ये राहतो. त्यामुळे आज मी कोणालाही ओळखणार नाही."

साडेदहाला सगळी चाळ आली. सर्वांत पुढे सरला. तिच्या हातात माझा जेवणाचा डबा. सकाळी मी तो घरी विसरलो होतो.

"घ्या," ती म्हणाली. "भरीत आहे."

मी डब्याकडे पाहिलं. वांग्याच्या भरिताचा वास येत होता. "बाई, आपण या खटल्यात पक्षकार आहात," मी म्हणालो. "पक्षकाराकडून खाद्यपदार्थ घेता येत नाही."

"मी पक्षकार?" सरला म्हणाली. "सतरा वर्षं तुमचे डबे भरतेय, तेव्हा कोण होते?"

यावर मत देणं नियमात बसत नव्हतं. ती डबा घेऊन पुढे गेली. जाताना तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

तिच्यामागे पुष्पाबाई. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मी उलगडायला सांगितलं. पाइप.

"लोखंडी वस्तू आहे. जमा करावी लागेल."

"आरे, हाऊ तर आपला पाइप शे!" पुष्पाबाई म्हणाल्या. "याच्यासाठीच तर आलोय! वळखत नई का माले?"

"नाही," मी म्हणालो.

मग जे झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. माझ्या उंचीचा उल्लेख झाला, लारीचा झाला, माझ्या आईवडिलांचाही झाला. आमचे वकील देसाई अजून आले नव्हते, ते असते तर न्यायाधीशसाहेबांकडून चिठ्ठी आणता आली असती. हिलालबापूसुद्धा हळूच म्हणाले, "शालिग्राम, आपली माणसं आहेत रे." दोन-तीन हंडे डोक्यावर घेऊन लाइन ओलांडणारी सरला मला दिसत होती. पण आज मी आपल्या चाळीचा पाइप आत सोडला, तर उद्या कुणाच्या चाळीची गुप्ती कशाच्या आधारावर अडवायची? मी पाइप टेबलावर ठेवला आणि लिहायला बसलो. म्हणजे उभ्यानेच, वाकून.

रांगेत पुढचा माणूस कोण, तर खुद्द नटुभाई, पांढऱ्या सफारीत. पुरावा दाराबाहेर राहतोय हे पाहून त्यांचा चेहरा असा खुलला होता की त्यांनी मला "वाह, साहेब" म्हटलं. मी लक्ष न देता लिहीत होतो: लोखंडी पाइप, लांबी एक फूट साडेनऊ इंच. एका टोकाला आटे, आट्यांत गळती रोखायचा सफेदा आणि सुतळी. दुसरं टोक करवतीने सरळ कापलेलं, कापावर जुना गंज. सवयीने मी तोंडाने बोलत बोलत लिहितो. "अर्धा इंची," मी म्हणालो.

"अडधो नथी, भाई, पोणो छे!" नटुभाई घड्याळाकडे बघत वैतागून म्हणाले. "मारो पाइप ने मने खबर नहीं? मीच बसवला होता. लिहा पटकन, मला उशीर होतोय."

मी अर्धा खोडून पाऊण केला. पट्टीने तपासला, पाऊणच होता. मग पुढे लिहिलं: "पाइप पाऊण इंची असून तो आपलाच आहे व आपणच बसवला होता, असं श्री. नटुभाई यांनी जागेवर सांगितलं." खाली पुष्पाबाईंचा अंगठा घेतला. साक्षीदाराच्या जागी नटुभाईंनी झोकात सही ठोकली आणि आत गेले.

तोवर देसाई वकील आत गेले होते; पाऊण तासाने पट्टेवाला पळत आला. साहेबांनी पाइप मागवलाय. मी म्हणालो, लेखी हुकूम. तो परत गेला आणि चिठ्ठी घेऊन आला. पाइप गेला. दहा मिनिटांनी तो पुन्हा आला: आता वही घेऊन तुम्हालाच बोलावलंय. मी म्हणालो, बदली माणूस. शेवटी स्वतः नाझरसाहेब आले आणि दारावर उभे राहिले.

"जाओ हवे, जल्दी!"

"साहेब, माझी झडती?" मी विचारलं. काठीला खाली लोखंडी टोपण होतं. नाझरसाहेबांनी कपाळावर हात मारला, पण काठी जमा करून घेतली. नोंद त्यांनी एकाच ओळीत केली. ते मला आवडलं नाही.

कोर्टाच्या खोलीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. नटुभाईंतर्फे वशी वकील उभे राहून सांगत होते की हा पाइप आमच्या अशिलाचा नाहीच, अर्जदारांनी कुठल्यातरी भंगारातून उचलून आणला आहे. मला पाहताच म्हणाले, "आणि हा रक्षक त्याच चाळीत राहतो! याची नोंद कशी मानायची?"

न्यायाधीशसाहेब शांत माणूस. त्यांनी वही उघडायला सांगितली. मी सकाळची पहिली ओळ वाचली. "त्यामुळे आज मी कोणालाही ओळखणार नाही" इथे साहेबांनी खाली बघितलं. ते थोडे हसले असावेत, पण मी खात्री देऊ शकत नाही. मग मी पाइपाची नोंद वाचली. आटे वाचले, सफेदा वाचला, सुतळी वाचली. कापलेलं टोक आणि जुना गंज वाचला. शेवटची ओळ वाचली आणि वही साहेबांपुढे ठेवली.

"नटुभाई," साहेबांनी विचारलं, "ही सही आपली?"

नटुभाई उठले. वशी वकिलांकडे पाहिलं. वशी वकील छताकडे पाहत होते.

"सही माझी आहे, साहेब. पण मी वाचलं नव्हतं."

"पाइप पाऊण इंची आहे हे न वाचताच सांगितलं?"

नटुभाई खाली बसले. मागच्या बाकावर पुष्पाबाईंना हुंदका फुटला. आम्ही पाइप आणला तेव्हा याने अडवला, आता तो पाइप आपल्यासाठी बोलतोय, असं काहीतरी त्या शेजारणीला सांगत होत्या. साहेबांनी सात दिवसांत नळ पूर्ववत करून देण्याचा हुकूम लिहायला घेतला. मला म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता. नोंद चांगली ठेवता."

मी सलाम केला. नंतर नाझरसाहेबांकडून काठी परत घेताना त्यांच्या एका ओळीखाली मी उरलेलं वर्णन लिहून ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात सगळी चाळ उभी होती. सकाळी जे बोलले होते ते परत घेणं अवघड होतं. हिलालबापूंनी नुसता खांद्यावर हात ठेवला. सरला थोडी बाजूला उभी होती. मला वाटलं, ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "भरीत गार झालं," आणि बायकांबरोबर निघून गेली.

सहाव्या दिवशी प्लंबर आला. नवा पाइप बसला, कारण जुना कोर्टात पुरावा म्हणून जमा होता. संध्याकाळी साडेपाचला पाणी सुटणार म्हणून चार वाजल्यापासून बावीस घरांच्या बादल्या, हंडे, कळश्या नळापुढे लागल्या होत्या. रांग खोलीच्या नंबराप्रमाणे लावायची असं मी सुचवलं आणि खडूने जमिनीवर आकडेही टाकले. सरलाची बादली अकरावी.

साडेपाचला नळाने आधी खोकल्यासारखा आवाज केला, मग तांबूस पाणी फेकलं, मग स्वच्छ धार लागली. क्षणभर कुणीच पुढे झालं नाही. सगळ्या बायका नुसत्या त्या धारेकडे बघत राहिल्या. मग पहिल्या नंबरच्या पुष्पाबाईंनी आपला हंडा मागे ओढला, सरलाचा हात धरला आणि तिला नळापाशी आणलं. "पहिली बादली खोली अकराची," त्या म्हणाल्या. बाकीच्या सरकल्या.

मी खडूच्या आकड्यांकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

सरलाने मागे वळूनही न बघता बादली नळाखाली ठेवली आणि दम दिला, "तोंड उघाडं ते देखा!"

मी तोंड मिटलं. बादली काठोकाठ भरली. सरलाने ती उचलायच्या आत मीच उचलली आणि घरात नेऊन ठेवली. परत आलो तेव्हा नळाखाली खोली एकचा हंडा होता आणि त्यामागे खोली दोन. पुढची रांग शेवटपर्यंत नंबरानेच चालली. तेवढी मी उभं राहून खात्री केली.